ऑपरेशन यशस्वी झाले, पण यकृताचे काय?

उलवे आज नकाशावर ठळक झाले आहे. सिडकोच्या टोलेजंग इमारती, बामणडोंगरी आणि खारकोपर ही दोन रेल्वे स्थानके, जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेले नवी मुंबईचे विमानतळ. या विमानतळासाठी उलव्याची टेकडी सुरुंग लावून फोडली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, दहा गावे उठवली. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांची कैफियत आपण वेळोवेळी ऐकली आहे. परंतु ज्यांनी या इमारतींवर विटा चढवल्या, त्या मराठवाड्यातून, विदर्भातून आलेल्या आमच्या माणसांची कैफियत कोण ऐकतो? आज आम्ही त्यातल्याच एकाची गोष्ट सांगणार आहोत. ती सांगताना आमचाही एक कबुलीजबाब द्यावा लागणार आहे, हे आधीच नमूद करतो.

आमच्या ओळखीतले एक गवंडी. मूळचे परभणीकडचे. वय चाळिशीच्या आत, वजन जेमतेम पंचेचाळीस किलो. गेल्या पावसाळ्यात परांचीवरून पाय निसटला आणि मांडीचे हाड मोडले. ठेकेदाराने जवळच्या एका खाजगी रुग्णालयात नेऊन टाकले. पायात सळई बसवली. ऑपरेशन यशस्वी झाले, असे डॉक्टरांनी सांगितले आणि ते खरेही होते. पाचव्या दिवशी हातात एक इंग्रजी कागद आणि औषधांची पिशवी देऊन त्यांना घरी धाडले. कोणती गोळी कशासाठी, किती दिवस, कशाबरोबर घ्यायची नाही, हे समजावून सांगायला तिथे कुणालाही वेळ नव्हता.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा पाय सुजलेला होता, पण माणूस हसत होता. "जयभीम सर, आता दोन महिन्यांत पुन्हा परांचीवर बघा," असे म्हणाले. सर्दी झाली होती, अंग मोडून आले होते. आमच्या घरी सर्दीच्या गोळ्यांची पट्टी पडून होती. ती आम्ही संध्याकाळी मुलाच्या हाती पाठवून दिली. दिवसातून तीन वेळा घ्या, असा निरोपही दिला. आपण माणुसकी केली, असे आम्हास वाटले.

आठ दिवसांनी वहिनींचा निरोप आला. जेवण जात नाही, उलट्या होतात, लघवी चहासारखी काळपट होते, डोळे पिवळे झाले. आम्ही गेलो तर गळ्यात काविळीची माळ! शेजारच्या गावातून कावीळ उतरवणाऱ्याकडून आणलेली. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि तथागतांचा फोटो, आणि फोटोखाली बसलेल्या माणसाच्या गळ्यात ती माळ. त्या वेळी आम्ही स्पष्ट बोलायला हवे होते. पण आजारी माणसाला काय दुखवायचे, म्हणून "विश्रांती घ्या, उसाचा रस घ्या" असे सांगून आम्ही परतलो. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी ते असंबद्ध बोलू लागले, तेव्हा मात्र रिक्षात घालून सरकारी रुग्णालय गाठले.

तिथल्या तरुण डॉक्टर ताईंनी पहिला प्रश्न विचारला, "घरी जेवढ्या म्हणून गोळ्या आहेत तेवढ्या सगळ्या आणा." वहिनींनी पिशवी टेबलावर उलटी केली. ताईंनी एकेक पट्टी उजेडात धरून मागची बारीक अक्षरे वाचली आणि तीन पट्ट्या बाजूला काढल्या. तिन्हींची नावे वेगळी, कंपन्या वेगळ्या, रंग वेगळे. पण तिन्हींत एकच औषध होते, पॅरासिटामॉल. आणि त्यातली तिसरी पट्टी आम्हीच पाठवलेली होती.

एकच औषध, तीन नावे

हिशोब साधा आहे, वाचकांनी तो स्वतः करून पाहावा. तापा-दुखीची गोळी ६५० मिलिग्रॅमची, दिवसातून तीन वेळा, म्हणजे १९५० मिलिग्रॅम. वेदनेसाठी दिलेल्या जोडगोळीत दुसऱ्या वेदनाशामकाबरोबर ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, तीही तीन वेळा, म्हणजे ९७५. आणि आमच्या सर्दीच्या गोळीत ५००, तीन वेळा, म्हणजे १५००. एकूण बेरीज ४४२५ मिलिग्रॅम. धडधाकट, पोटभर जेवणाऱ्या प्रौढ माणसासाठी चोवीस तासांची कमाल मर्यादा ४००० मिलिग्रॅम, म्हणजे चार ग्रॅम सांगितली जाते. कमी वजनाच्या, उपाशी किंवा दारू घेणाऱ्या माणसासाठी डॉक्टर ती आणखी खाली, दोन-तीन ग्रॅमवर आणतात. आमचे गवंडी पंचेचाळीस किलोचे, ऑपरेशननंतर जेवण तुटलेले. रात्री पाय ठणकला की एखादी गोळी जास्त घेत होते आणि झोप यावी म्हणून घोटभर घेतही होते. हे त्यांनी नंतर सांगितले.

पॅरासिटामॉल हे वाईट औषध नाही, हे आम्ही ठासून सांगतो. योग्य मात्रेत ते सर्वात सुरक्षित वेदनाशामकांपैकी एक आहे आणि ऑपरेशननंतर ते द्यावेच लागते. वेदना सहन करण्यात कसलाही पराक्रम नाही. मग ते विष कसे बनते? आपल्या उजव्या बरगड्यांखाली सव्वा ते दीड किलो वजनाचे यकृत आहे. लोक त्याला लिव्हर म्हणतात, काळीज म्हणतात. पोटातून शोषलेले अन्न आणि औषध रक्तावाटे प्रथम त्याच्या दारात येते. यकृत त्याची मोडतोड करते, उपयोगी ते ठेवते, निरुपयोगी ते बाहेर टाकायच्या वाटेला लावते. पॅरासिटामॉलचा बराचसा भाग ते सहज निकाली काढते. मात्र थोडा भाग एका विषारी पदार्थात बदलतो. यकृताजवळ ग्लुटाथिऑन नावाचा एक साठा असतो, तो या विषाला लगेच निष्प्रभ करतो. मात्रा जास्त झाली किंवा उपासमारीने साठाच आटला, की ते विष मोकाट सुटते आणि यकृताच्या पेशी मारू लागते. म्हणजे जे औषध भरल्या पोटी पचते, तेच उपाशी पोटी घात करू शकते. भूक आणि गरिबी इथेही आपला पाठलाग सोडत नाही, हे लक्षात घ्यावे.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०११ मध्ये, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या जोडगोळ्यांत पॅरासिटामॉलचे प्रमाण ३२५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे ठरवले आणि यकृताला धोका असल्याचा ठळक इशारा वेष्टनावर छापायला लावला. कारण हेच. माणूस दोन-तीन वेगवेगळ्या गोळ्या घेतो आणि आत एकच औषध जमत जाते, हे त्याला कळत नाही. तिथे शिकलेल्यांना कळत नाही, मग इंग्रजी न येणाऱ्या आमच्या गवंड्याला ते कसे कळावे?

कावीळ म्हणजे एकच आजार नव्हे

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्या डॉक्टर ताईंनी एकाच गोळीवर बोट ठेवून निकाल दिला नाही. ऑपरेशननंतर डोळे पिवळे होण्याची कारणे अनेक असतात. दिलेले रक्त शरीरात मोडते, तेव्हा बिलिरुबिन वाढते. ऑपरेशनच्या वेळी रक्तदाब फार खाली गेला तर यकृताला प्राणवायू कमी पडतो. जखमेतला जंतुसंसर्ग रक्तात पसरला तर कावीळ दिसते. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर पित्तनळीत खडा राहून गेला किंवा नळीला इजा झाली तरी कावीळ होते. आधीपासून हिपॅटायटिस बी किंवा सी असेल तर तोही उफाळतो. म्हणून "औषधानेच झाले" असे घरबसल्या ठरवून डॉक्टरांच्या अंगावर धावून जाणे जितके चूक, तितकेच "उष्णता झाली" म्हणून घरी बसणे चूक.

परंतु औषधांचा वाटा मोठा आहे, हेही खरे. अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल हे जोडऔषध ऑपरेशननंतर सर्रास दिले जाते. युरोप-अमेरिकेत औषधाने होणाऱ्या यकृतविकारात ते वरच्या क्रमांकावर आहे. त्याचे वैशिष्ट्य असे की गोळ्या संपल्यानंतर कित्येक आठवड्यांनीही कावीळ दिसू शकते. रुग्ण म्हणतो, "आता तर मी काहीच घेत नाही," आणि डॉक्टरही फसतात. असा त्रास हजारोंत एखाद्यालाच होतो, पण कुणाला होईल हे आधी सांगता येत नाही. डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके, डोक्याच्या ऑपरेशननंतर झटके येऊ नयेत म्हणून दिली जाणारी फेनिटॉइन, व्हॅल्प्रोएटसारखी औषधे, बुरशीवरच्या काही गोळ्या, हे सगळेही या यादीत आहेत.

निमेसुलाइडची कथा तर आपल्या देशाच्या कारभाराचा आरसाच आहे. हे वेदनाशामक यकृताला घातक ठरते म्हणून २००२ साली फिनलंड आणि स्पेनने ते थांबवले, २००७ साली आयर्लंडने थांबवले. अमेरिकेने त्याला कधी परवानगीच दिली नाही. आपल्याकडे मात्र ते गल्लोगल्लीच्या दुकानात विकले जात होते. बारा वर्षांखालील मुलांना ते देण्यावर बंदी यायला २०११ साल उजाडले. आणि तोंडावाटे घेण्याच्या १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मात्रेच्या गोळ्यांवर केंद्राने बंदी घातली ती डिसेंबर २०२५ मध्ये! मधल्या तेवीस वर्षांत या गोळ्या कुणी खाल्ल्या? ज्याला डॉक्टरची फी परवडत नाही, जो थेट दुकानदारालाच "अंग दुखतंय, काहीतरी द्या" म्हणतो, त्याने खाल्ल्या.

एके काळी तर भुलीचेच औषध संशयाच्या भोवऱ्यात होते. हॅलोथेन हा भुलीचा वायू १९५६ साली इंग्लंडमध्ये प्रथम रुग्णांवर वापरला गेला. तो सोयीचा होता, स्फोटक नव्हता, म्हणून जगभर पसरला. पुढे काही रुग्णांना ऑपरेशननंतर तीव्र कावीळ होऊन ते दगावू लागले. अमेरिकेत साडेआठ लाखांहून अधिक भुलींची तपासणी झाली आणि १९६६ साली निष्कर्ष बाहेर आले. धोका फार विरळा होता, पण थोड्या काळात पुन्हा तीच भूल दिली तर तो वाढतो, हे हळूहळू स्पष्ट झाले. आज त्याची जागा जास्त सुरक्षित वायूंनी घेतली आहे. पण धडा कायम आहे. आधीच्या ऑपरेशननंतर ताप आला होता का, कावीळ झाली होती का, हे पुढच्या डॉक्टरला सांगितलेच पाहिजे.

माळ वाढते, आजारही वाढतो

आता त्या माळेकडे वळू. आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतल्या. देव्हारे विसर्जित केले. देवऋषी, अंगारा, गंडे-दोरे सोडले. मग कावीळ झाली की आमची पावले माळवाल्याकडे का वळतात? चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळे होते आणि "बघा, कावीळ उतरली" असे सांगितले जाते. विवेकवादी कार्यकर्त्यांनी हा प्रयोग गावोगाव करून दाखवला आहे. हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस चोळलेला असतो, चुन्याशी त्याची रासायनिक क्रिया होऊन पाणी पिवळे होते. निरोगी माणसाचे हात धुतले तरी ते पिवळेच होईल! वनस्पतीच्या काड्यांची माळ दिवसेंदिवस लांब होते, कारण काड्या वाळतात आणि गाठी सैल होत जातात. माळ लांबते तसतशी कावीळ उतरते, असे समजून माणूस वाट पाहत राहतो. विषाणूची साधी कावीळ बऱ्याचदा आपोआप बरी होते, त्याचे श्रेय माळेला मिळते. पण औषधाने झालेल्या काविळीत तेच दोन-चार दिवस जीवनमरणाचे असतात. पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर ॲसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे. तो जितका लवकर, शक्यतो पहिल्या आठ तासांत मिळेल, तितका गुणकारी. उशिरानेही त्याचा उपयोग होतो, पण घड्याळ थांबत नाही.

आणि "जडीबुटी आहे, त्याने काय अपाय होणार?" हा समजही सोडावा. देशातील अनेक रुग्णालयांनी २०१३ ते २०१८ या काळातील औषधजन्य यकृतविकाराच्या १२८८ रुग्णांचा अभ्यास एकत्रितपणे केला. त्यात जवळपास निम्मे, ४६ टक्के रुग्ण क्षयरोगाच्या औषधांचे होते आणि दुसऱ्या क्रमांकावर, सुमारे १४ टक्के, आयुर्वेदिक व इतर पर्यायी औषधांचे होते. कोरोनाच्या काळात गुळवेलीचा काढा घरोघर उकळत होता. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद २०२१ साली प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, असा आक्षेप घेतला. पुढे अनेक केंद्रांतील तज्ज्ञांनी आणखी रुग्णांची नोंद केली. वाद विद्वानांनी जरूर करावा. पण ऑपरेशन झालेल्या माणसाने डॉक्टरला न सांगता काढे घेऊ नयेत, एवढे तरी त्यातून निघतेच.

याच संदर्भात क्षयरोगाचा मुद्दा महत्त्वाचा. आमच्या वस्त्यांत हा आजार आजही आहे. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड ही औषधे जीव वाचवतात, त्यांना पर्याय नाही. पण तीच यकृताला त्रास देऊ शकतात. हे वाचून कुणीही आपले क्षयाचे औषध परस्पर बंद करू नये. मळमळ, पिवळेपणा दिसला तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे. डॉक्टर गरजेप्रमाणे औषधे थांबवतात आणि तपासण्या करून एकेक करून पुन्हा सुरू करतात. तो निर्णय त्यांचा आहे, शेजाऱ्याचा नाही.

जीवकाने काय शिकवले

महावग्गात जीवकाची कथा आहे, ती धम्मबांधवांना ठाऊक असेल. तक्षशिलेत शिक्षण पुरे होताना आचार्यांनी त्याला सांगितले, नगराभोवती एक योजन फिर आणि औषधी नसलेली एखादी वनस्पती घेऊन ये. जीवक रिकाम्या हाताने परतला, कारण त्याला तशी एकही वनस्पती सापडली नाही. आचार्य प्रसन्न झाले. पुढे याच जीवकाने राजगृहाच्या श्रेष्ठीच्या डोक्यावर शस्त्रक्रिया केली. शस्त्रक्रियेआधी त्याने एका कुशीवर सात महिने, दुसऱ्या कुशीवर सात महिने आणि पाठीवर सात महिने पडून राहण्याचे वचन घेतले. श्रेष्ठी प्रत्येक वेळी सात दिवसांतच कंटाळला, आणि एकवीस दिवसांत बरा झाला. तेव्हा जीवक म्हणाला की एवढे सांगितले नसते तर तुम्ही एवढेही पडून राहिला नसता.

या कथेतून आम्ही दोन गोष्टी घेतो. प्रत्येक वनस्पती औषध आहे असे म्हणणारा वैद्य, कोणती कुणाला किती द्यायची हेही जाणत होता. आणि शस्त्रक्रिया संपली म्हणून वैद्याचे काम संपले, असे त्याने मानले नाही. रुग्णाचा स्वभाव ओळखून, त्याला समजेल अशा भाषेत त्याने पुढचे पथ्य सांगितले. अडीच हजार वर्षांपूर्वीचा वैद्य जे करू शकला, ते आजच्या वातानुकूलित रुग्णालयांना का जमू नये?

प्रश्न फक्त गोळीचा नाही

भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ साली नियम दुरुस्त करून, डॉक्टरांनी औषधांची मूळ नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, असे सांगितले. किती चिठ्ठ्या तशा दिसतात? ज्या औषधाच्या पट्टीवर लाल रेघ आहे ते चिठ्ठीशिवाय देऊ नये, असा नियम आहे. किती दुकानांत पाळला जातो? केंद्राने २०१६ मध्ये ३४४ आणि २०२४ मध्ये १५६ जोडऔषधांवर बंदी घातली, कारण त्यातल्या मिश्रणांना शास्त्रीय आधार नव्हता. म्हणजे बंदी येईपर्यंत ती आमच्याच पोटात जात होती! १९८६ साली मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनने १४ रुग्णांचे प्राण गेले, तेव्हा मूत्रपिंडे निकामी झाली होती. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने औषध प्रशासनाची लक्तरे वेशीवर टांगली. त्या घटनेला चाळीस वर्षे झाली. सरकारी रुग्णालयाच्या दारात उभ्या राहणाऱ्या माणसाचा जीव स्वस्त आहे ही समजूत मात्र अजून गेलेली नाही.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम प्रा. अडारकर यांच्याकडे सोपवले गेले आणि त्यातूनच १९४८ साली राज्य कामगार विम्याचा कायदा झाला. त्यामागचा विचार असा की आजारपणात कामगार ठेकेदाराच्या दयेवर राहू नये. आमचे गवंडी मात्र ठेकेदाराच्या दयेवरच राहिले. बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळात त्यांची नोंदणी नव्हती. वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला कुणी दिलाच नाही. ऑपरेशनचे पैसे ठेकेदाराने भरले आणि मजुरीतून कापून घेण्याचे ठरवले. काविळीचे दिवस तर त्याच्या हिशोबातच नव्हते.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. रुग्णाला घरी सोडताना औषधांचा कागद मराठीत किंवा त्याच्या भाषेत द्यावा. त्यात प्रत्येक गोळीचे मूळ नाव, कशासाठी, किती दिवस आणि कशाबरोबर घेऊ नये हे लिहावे. ज्यांचे वजन कमी आहे, ज्यांना आधी कावीळ झाली आहे, जे दारू घेतात, त्यांची यकृताची तपासणी ऑपरेशनपूर्वी व्हावी आणि गरज असेल तर नंतरही व्हावी. एसजीपीटी, एसजीओटी आणि बिलिरुबिन ही रक्ताची साधी तपासणी आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार आणि तपासण्या मोफत केल्या आहेत. हा हक्क आहे, तो मागून घ्यावा. डॉक्टरांचा ठोकताळा असा आहे की औषधामुळे एसजीपीटी तिपटीहून आणि बिलिरुबिन दुपटीहून वाढले, तर अशा दहा रुग्णांपैकी सुमारे एकाच्या जिवाला धोका असतो. एवढ्या स्वस्त तपासणीतून एवढे कळते!

सरकार करील तेव्हा करील. आपण आपल्यापुरते काय करायचे? घरातल्या सर्व गोळ्या एका पिशवीत ठेवाव्यात आणि डॉक्टरकडे जाताना ती पिशवीच न्यावी, काढे-चूर्णासकट. नवी गोळी घेण्याआधी पट्टीवरचे मूळ नाव वाचावे. इंग्रजी येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्यावे. एकच नाव दोन पट्ट्यांवर दिसले तर डॉक्टरला विचारल्याशिवाय दोन्ही घेऊ नयेत. गोळ्या चालू असेपर्यंत दारूला शिवू नये, आणि नंतरही शिवू नये हे उत्तम. भूक मरणे, सतत मळमळ, अंगाला खाज, काळपट लघवी, पांढरट शौच, डोळे पिवळे, उजव्या बरगडीखाली दुखणे, यातले काही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. झोपाळूपणा किंवा असंबद्ध बोलणे दिसले तर एक तासही थांबू नये. आणि औषधाचा दुष्परिणाम झाला तर तो नोंदवावा. केंद्राच्या औषधदक्षता कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक त्यासाठीच आहे, तिथे रुग्णालाही तक्रार करता येते. आपली नोंद झाली नाही, तर आपला त्रास झालाच नाही असे समजले जाते. ही गोष्ट चळवळीच्या माणसाला वेगळी सांगायला नको.

आमचे गवंडी वाचले. तपासणीत एसजीपीटी हजारांच्या घरात गेले होते. उतारा मिळाला, गोळ्या थांबल्या, सतरा दिवसांनी घरी आले. पाय अजून पुरता सावरलेला नाही आणि डोक्यावर कर्ज आहे. ते आम्हाला दोष देत नाहीत. "तुम्ही चांगल्यासाठीच दिली होती सर," असे म्हणतात. चांगल्यासाठी तर प्रत्येकानेच दिली होती. रुग्णालयाने, दुकानदाराने, माळवाल्याने आणि आम्हीही. त्यांच्या ताटात काय पडते आहे याची बेरीज मात्र कुणीच केली नाही.

आता वस्तीतल्या वंदनेनंतर दर रविवारी आम्ही पाव तास बसतो. ज्याच्या घरी कुणाचे ऑपरेशन झाले असेल त्याने गोळ्यांची पिशवी आणायची, आणि दहावीतल्या मुली मोठ्याने पट्ट्यांवरची नावे वाचतात. आम्ही डॉक्टर नाही, म्हणून गोळी बंद करा किंवा घ्या, असे काही सांगत नाही. एकच नाव दोनदा आले की त्यावर पेनाने खूण करतो आणि "हे डॉक्टरला विचारा" एवढेच सांगतो. गेल्या महिन्यात अशा दोन खुणा झाल्या. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितले, त्यात औषधाची पट्टी वाचणेही येते, असे आम्हास वाटते. प्रत्येक विहारात असा पाव तास का असू नये? समाजबांधवांनी याचा जरूर विचार करावा.